विरघळणारा स्क्रू आणि ग्रीन्सबरोचं विद्यापीठ: एका संशोधन केंद्राचं प्रकरण

धाकट्या भावाचं मनगट मोडलं तेव्हा त्याला टायटॅनियमची प्लेट बसवली. दीड वर्षाने ती काढायची ठरली. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा घरी बसणं. डॉक्टरांनी काढलेली प्लेट आणि स्क्रू एका छोट्या डबीत घालून आईच्या हातात दिले. आईने डबी उघडून पाहिली आणि मला विचारलं, "टाके जर आतल्या आत विरघळतात, तर हे का नाही विरघळत?"

मी धातूंचं शास्त्र शिकवतो. तरी त्या क्षणी तिला धड उत्तर देता आलं नाही. पुढे याच प्रश्नाचा माग काढताना मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात पोचलो, म्हणजे वाचनातून पोचलो. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी राज्य विद्यापीठाने हाच प्रश्न घेऊन २००८ साली एक मोठं राष्ट्रीय केंद्र मिळवलं. हे विद्यापीठ ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांपैकी एक आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार १९६४ पूर्वी प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांना हे नाव लागतं, आणि अशा सुमारे शंभर संस्था आज चालू आहेत. धातूचा प्रश्न आणि विद्यापीठाची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला आधी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

एका शहरात, एका वर्षी, दोन कॉलेजं

३० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेत दुसरा मॉरिल कायदा झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी इकडे पुण्यात जोतीराव फुले गेले. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी १८७३ साली अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्या मुक्तीनंतर शिक्षणाचं काय झालं, हे त्या कायद्यात दिसतं. शेतकी आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्यांनी एकतर वंश न पाहता सगळ्यांना प्रवेश द्यावा, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज काढावं, असं त्यात होतं. दक्षिणेकडच्या राज्यांनी दुसरा मार्ग धरला.

नॉर्थ कॅरोलिनात ९ मार्च १८९१ रोजी 'ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल कॉलेज फॉर द कलर्ड रेस' कायद्याने स्थापन झालं. पहिले वर्ग रॅले शहरात शॉ विद्यापीठाच्या आवारात भरत. मग ग्रीन्सबरोच्या नागरिकांनी १४ एकर जमीन देऊ केली आणि १८९३ पासून कॉलेज तिथे आलं. आजच्या नावातलं 'ए' म्हणजे ॲग्रिकल्चरल, शेतकी, आणि 'टी' म्हणजे टेक्निकल. पूर्वी 'टी'च्या जागी मेकॅनिकलचं 'एम' होतं, एवढाच फरक.

त्याच वर्षी, तीन आठवडे आधी, राज्याने आणखी एक संस्था मंजूर केली होती, आणि तीही ग्रीन्सबरोतच आली: गोऱ्या मुलींसाठीची अध्यापिका शाळा. तिचंच पुढे यूएनसी ग्रीन्सबरो विद्यापीठ झालं. तिथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १९५६ साली आल्या. हे दुसरं कॉलेज लक्षात ठेवा, कारण या प्रकरणात ते परत येणार आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ए अँड टीचे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी बारीकसारीक वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावत्या जपून ठेवल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही, कारण तो काउंटर गोऱ्यांचा. टूथपेस्ट विकताना यांचे पैसे चालतात आणि कॉफी देताना चालत नाहीत, हे पावतीनिशी दाखवून ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. त्या आठवड्यात त्या दुसऱ्या, महिला कॉलेजातल्या तीन गोऱ्या मुलीही येऊन त्यांच्याबरोबर बसल्या. जुलैअखेर काउंटर सगळ्यांसाठी उघडला. त्या चौघांतला जोसेफ मॅक्नील १९६३ साली इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानंतर आठ वर्षांनी इथूनच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला रोनाल्ड मॅक्नेर पुढे एमआयटीचा डॉक्टरेट आणि मग अंतराळवीर झाला. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या स्फोटात तो गेला. ए अँड टीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीला त्याचं नाव आहे.

मॅग्नेशियमची फीत

आता धातूकडे येऊ. शाळेत मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून जाळलेली सगळ्यांना आठवत असेल. डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि मागे उरणारी पांढरी राख. हाच धातू हाडात बसवायचा आहे, असं वर्गात सांगितलं की मुलं आधी हसतात.

मी एक साधा प्रयोग करून दाखवतो. औषधाच्या दुकानातलं सलाईन काचेच्या पेल्यात घ्यायचं, थोडं कोमट करायचं, त्यात फिनॉल्फथॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाकायचे आणि घासून चकचकीत केलेली फितीची बोटभर पट्टी सोडायची. आधी काहीच होत नाही. मग कडेला मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. थोड्या वेळाने पट्टीभोवतीचं पाणी गुलाबी व्हायला लागतं आणि तो गुलाबी रंग धुरासारखा वर पसरतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चकाकी गेलेली, अंगावर राखाडी-पांढरा थर आणि मधेमधे सुईने टोचल्यासारखे खड्डे. हे सगळं समान होत नाही, ही त्यातली खरी गोम आहे. पट्टी एका टोकाला जवळजवळ शाबूत असते आणि दुसऱ्या टोकाला कुरतडलेली.

घडतं ते असं. मॅग्नेशियम आणि पाणी मिळून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. हायड्रॉक्साइडचा थर धातूला थोडं संरक्षण देतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं आणि आतला धातू पुन्हा उघडा पडतो. आपल्या रक्तात आणि ऊतींतल्या द्रवात क्लोराइड भरपूर असतं. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं तर शरीराच्या तापमानाला जवळपास एक लिटर हायड्रोजन सुटतो. हळूहळू सुटला तर शरीर तो वाहून नेतं. भसकन सुटला तर कातडीखाली फुगा येतो.

हे कुणी नव्याने शोधलेलं नाही. १९०७ साली बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लांबोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची प्लेट लावली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी ठोकली. आठ दिवसांत प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. दोन वेगळे धातू खारट द्रवात एकमेकांना टेकले की जास्त क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो, हे बॅटरीचंच तत्त्व, आणि इथे रुग्णाच्या पायातच बॅटरी तयार झाली होती. पुढे गंज न धरणारं पोलाद आलं, मग टायटॅनियम आलं, आणि मॅग्नेशियम बहुतेकांनी सोडून दिलं.

सोडून देण्यासारखं मात्र ते नव्हतं. मॅग्नेशियमची घनता १.७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे हाडाच्या जवळपास. त्याची ताठरता सुमारे ४५ गिगापास्कल (ताठरता मोजायचं एकक). हाडाची तीन ते वीसच्या दरम्यान, टायटॅनियमच्या मिश्रधातूची ११० च्या आसपास, आणि पोलादाची त्याच्या जवळजवळ दुप्पट. फार ताठ प्लेट सगळा भार स्वतःच उचलते, हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेलं हाड विरळ होतं. शिवाय मॅग्नेशियम शरीराला परकं नाही. प्रौढ माणसाच्या अंगात ते पंचवीसेक ग्रॅम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांतच.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: विरघळवता येतं. पण हाड जुळेपर्यंत, म्हणजे किमान तीनेक महिने, ताकद टिकली पाहिजे आणि त्यानंतर जागा रिकामी झाली पाहिजे. वेग आवरणं हेच सगळं काम.

हा वेग ठरतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात. धातूचे कण, म्हणजे आतले बारीक स्फटिक, केवढे आहेत, कणांच्या सीमेवर कुठली संयुगं साचली आहेत, लोखंड, निकेल, तांबं यांचा लवलेश किती आहे, यावर. लोखंडाची अगदी किरकोळ भेसळसुद्धा गंज कित्येक पटींनी वाढवते. माझ्या पट्टीवरचे खड्डे त्यातूनच आलेले असणार. म्हणून धातू आधी अत्यंत शुद्ध हवा, मग त्यात जस्त, कॅल्शियम यांसारखी शरीराला चालणारी द्रव्यं मोजून घालायची, दाबून-खेचून कण बारीक करायचे आणि वर काहीशे नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा लेप द्यायचा. नॅनोतंत्रज्ञान इथे असं लागतं. एरवी हा शब्द जाहिरातीत इतका वापरला जातो की त्याचा अर्थच उडून जातो.

२००८: अर्जदार कोण?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची, म्हणजे एनएसएफची, अभियांत्रिकी संशोधन केंद्रांची योजना १९८५ पासून चालू आहे. मोजकीच केंद्रं, मोठी रक्कम, जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि अट अशी की मूलभूत संशोधनापासून उद्योगापर्यंत आणि शाळेतल्या मुलांपर्यंत सगळं एका छताखाली हवं. ही केंद्रं नामवंत, श्रीमंत विद्यापीठांकडे जात. कृष्णवर्णीय विद्यापीठं असलीच तर सहभागी म्हणून असत. अर्ज मोठ्यांचा, विषय मोठ्यांचा, हिशोब मोठ्यांचा, आणि यांच्याकडे विद्यार्थी पाठवण्याचं काम.

२००८ साली ए अँड टीने स्वतः प्रमुख अर्जदार म्हणून ही स्पर्धा जिंकली. असं केंद्र मिळवणारं ते पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ. विषय होता धातूंच्या जैवपदार्थांमध्ये, म्हणजे शरीरात बसवायच्या धातूंमध्ये, क्रांती घडवण्याचा, आणि मध्यवर्ती धातू होता मॅग्नेशियम. पहिल्या पाच वर्षांसाठी सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झाले. संचालक झाले प्रा. जगन्नाथन शंकर, मूळचे भारतातले, आणि तोवर कित्येक वर्षं ए अँड टीमध्येच प्रगत पदार्थांवर काम करत असलेले. सहभागी म्हणून आली पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी ही विद्यापीठं, आणि परदेशातून जर्मनीचं हॅनोव्हर वैद्यकीय विद्यापीठ. पिट्सबर्गच्या बाजूचे प्रशांत कुमठा हे १९८४ साली आयआयटी मुंबईतून धातुशास्त्राची पदवी घेतलेले.

हा उलटलेला क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसा कुणाच्या खात्यावर येतो, बैठकीचं विषयपत्र कोण लिहितं, यंत्र कुठल्या इमारतीत बसतं, संशोधनपत्रावर शेवटचं, म्हणजे प्रमुखाचं, नाव कुणाचं येतं, या चार गोष्टींवरून विद्यापीठाची पुढची वीस वर्षं ठरतात. सहभागी संस्थेला काही वर्षांचा निधी मिळतो. प्रमुख संस्थेला निधी संपल्यावरही मागे राहणारी यंत्रणा मिळते.

विषयाची निवडही विचार करून केलेली दिसते. सिलिकॉन चिपसारख्या क्षेत्रात उतरायचं तर आधीच अब्जावधी ओतलेल्यांशी गाठ पडली असती. विरघळणारं मॅग्नेशियम हे शंभर वर्षं बाजूला पडलेलं, पण गरज खरी असलेलं क्षेत्र होतं. तिथे अमेरिकेत कुणाचं ठाण मांडलेलं नव्हतं. आणि धातू वितळवणं, ओतणं, घडवणं, तपासणं ही यंत्रविद्येची जुनी परंपरा ए अँड टीकडे होतीच. पिट्सबर्गकडे शस्त्रक्रियेचं आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांचं बळ होतं, सिनसिनाटीकडे संवेदकांचं. केंद्राने कामाच्या तीन वाटा ठरवल्या: हाडं आणि चेहऱ्याच्या कवटीचे भाग, हृदय-रक्तवाहिन्या आणि श्वासमार्गातले स्टेंट (नळी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या), आणि इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला भाग, आत कसा झिजतोय हे सांगणारे संवेदक. लहान मुलांचा विचार त्यात ठळक होता. मुलाचं हाड वाढतं, प्लेट वाढत नाही. म्हणून मुलांमध्ये दुसरी शस्त्रक्रिया टळण्याला वेगळंच मोल आहे.

हाती काय आलं

इथे मला सरळ बोलायला हवं, कारण अशा प्रकरणांत कौतुकाच्या भरात हिशोब राहून जातो. बाजारात पोचलेलं पहिलं आधुनिक उत्पादन ग्रीन्सबरोचं नाही. २०१३ साली युरोपात मान्यता मिळालेला मॅग्नेशियमचा स्क्रू हॅनोव्हरच्या एका कंपनीचा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या इम्प्लांटला पहिली मान्यता दिली ती मार्च २०२३ मध्ये, आणि तीही फिनलंडच्या कंपनीला. त्या स्क्रूत मॅग्नेशियमबरोबर जस्त आणि कॅल्शियम आहे. दुर्मिळ मूलद्रव्यं टाळून शरीरातलीच द्रव्यं वापरायची ही दिशा बरोबर होती, असं त्यावरून म्हणता येतं.

दहा वर्षांत इम्प्लांट रुग्णापर्यंत नेणं जवळपास अशक्यच असतं. प्रयोगशाळेतलं द्रावण आणि जिवंत ऊती यांच्यात झिजण्याचा वेग कित्येक पटींनी बदलतो, आणि पेल्यात उत्तम ठरलेला मिश्रधातू सशाच्या हाडात वेगळाच वागतो. हा फरक समजून घेण्यातच या क्षेत्राची वर्षं गेली.

जे मागे राहिलं ते वेगळ्या रकान्यात मांडावं लागेल. केंद्राच्या निमित्ताने ए अँड टीमध्ये जैवअभियांत्रिकीचं शिक्षण उभं राहिलं. ज्या मुलीला आधी इंजिनिअरिंग म्हणजे पूल आणि मोटारी एवढंच दिसत होतं, तिला पदवीच्या दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मॅग्नेशियमचे कण मोजायला मिळू लागले, आणि तेही पाहुणी म्हणून नाही, स्वतःच्या विद्यापीठात. कृष्णवर्णीय अभियंते घडवण्यात ए अँड टी देशात आघाडीवर आहे, आणि विद्यार्थिसंख्येने ते सगळ्यात मोठं कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी प्रयोगशाळा असण्याचा परिणाम एखाद्या धनाढ्य विद्यापीठात आणखी एक प्रयोगशाळा वाढण्यापेक्षा कितीतरी खोल असतो. हे माझं मत आहे, आणि ज्यांनी तालुक्याच्या गावी कॉलेजात पहिलं चांगलं सूक्ष्मदर्शक येताना पाहिलंय त्यांना ते पटेल.

आणि ते दुसरं कॉलेज. केंद्र सुरू झालं त्याच सुमारास ए अँड टी आणि यूएनसी ग्रीन्सबरो यांनी मिळून नॅनोविज्ञान आणि नॅनोअभियांत्रिकीचं संयुक्त स्कूल काढलं. पहिले विद्यार्थी २०१० साली आले. २०११ च्या अखेरीस १ लाख ५ हजार चौरस फुटांची इमारत उघडली, धूळमुक्त खोल्या आणि सूक्ष्मदर्शकांसह. नॅनोविज्ञानाची पदवी यूएनसी ग्रीन्सबरो देतं, नॅनोअभियांत्रिकीची ए अँड टी देतं, यंत्रं दोघांची. १८९१ साली ज्या दोन संस्था एकाच गावात रंगावरून वेगळ्या काढल्या, त्यांची मुलं आता एकाच दारात पांढरे झगे आणि टोप्या चढवून आत जातात. २०१५ साली ही इमारत जॉर्जिया टेक विद्यापीठाबरोबर एनएसएफच्या राष्ट्रीय नॅनो-सुविधा जाळ्यातही आली, म्हणजे बाहेरच्या संशोधकांना आणि लहान उद्योगांनाही तिथली यंत्रं वापरता येऊ लागली.

थकबाकी

या सगळ्याच्या मागे एक आकडा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना आणि कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. १८९० च्या कायद्याने निघालेल्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना त्याच राज्यातल्या जुन्या, गोऱ्यांसाठी निघालेल्या जमीन-अनुदान (केंद्राने दिलेल्या जमिनींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांइतका दरडोई पैसा मिळाला असता तर गेल्या तीन दशकांत किती जास्त मिळाला असता, याचा हिशोब त्यात होता. सोळा राज्यांचा मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक. एकट्या ए अँड टीचा २ अब्ज डॉलरहून अधिक.

त्याच्याशेजारी २००८ चे १ कोटी ८० लाख ठेवून पाहा. थकलेल्या रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या पैशात सुरुवात होऊन एक नवी शाखा, डॉक्टरेटचे विद्यार्थी आणि एका विसरलेल्या धातूवरचं देशातलं पहिलं मोठं केंद्र उभं राहिलं. "यांची क्षमता आहे का?" हा प्रश्न निधी देणाऱ्यांनी वर्षानुवर्षं विचारला. कागदोपत्री तो रास्त दिसतो, पण क्षमता म्हणजे यंत्रं, तंत्रज्ञ, संशोधनाला मोकळा वेळ आणि पगारी संशोधक विद्यार्थी. हे सगळं पैशानेच येतं, आणि पैसा तीस वर्षं कुठे गेला ते त्या पत्रात लिहिलेलं आहे. अमेरिकेत संशोधनाच्या सर्वोच्च वर्गात आजच्या वर्गवारीत पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ आलं ते २०२५ मध्ये, वॉशिंग्टनचं हॉवर्ड. ए अँड टीही त्या उंबरठ्याकडे चालत आहे.

२०२४ साली ए अँड टीला नवे कुलपती मिळाले, जेम्स मार्टिन. त्याआधी ते पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग स्कूलचे अधिष्ठाता होते, म्हणजे २००८ च्या अर्जात ए अँड टीच्या नावाखाली सहभागी म्हणून ज्या विद्यापीठाचं नाव होतं, त्याच विद्यापीठाचे.